टिपऱ्यांना परत आणू नका : मराठी वाहिन्यांच्या कार्यक्रमप्रमुखांना खुलं पत्र

मराठी मनोरंजन वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख, कथाविभाग आणि समस्त क्रिएटिव्ह मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मधले दोन-तीन कलाकार कुठल्याशा कार्यक्रमात एकत्र दिसले, फोटो आला, की लोकांचं एकच टुमणं सुरू होतं : मालिका परत आणा. आबा परत आणा, शिऱ्या परत आणा, ते घर परत आणा. हे तुमच्या कानावर गेलं नसेल असं होणार नाही. तुमच्यापैकी कुणाच्या तरी सादरीकरणात ‘टिपरे, नवी पिढी’ अशी एखादी स्लाइड तयारही असेल. ती स्लाइड काढून टाका, एवढं सांगायला हे पत्र.

मी त्या मालिकेवर जीव असलेल्यांपैकीच आहे. शिवाय थोडीशी तुमच्यातलीही आहे. काही वर्षं दैनंदिन मालिकांचे संवाद लिहून पोट भरलंय. त्यामुळे या पत्रात प्रेक्षकाचा हट्ट आणि कारागिराची कुरकुर, दोन्ही एकत्र येईल. सांभाळून घ्या.

आज विशीत असलेल्या मुलांना टिपरे यूट्यूबवरच्या तुकड्यांतून माहीत आहेत, म्हणून थोडी उजळणी. मालिका २००१ साली तेव्हाच्या अल्फा मराठीवर, म्हणजे आजच्या झी मराठीवर, सुरू झाली. आठवड्यातून एकदा, अर्धा तास. दिग्दर्शक केदार शिंदे, तेव्हा तिशीच्याही आतले. गंगाधर टिपरे म्हणजे आबा झाले दिलीप प्रभावळकर. मुलगा शेखर राजन भिसे, सून श्यामला शुभांगी गोखले, नात शलाका रेश्मा नाईक आणि नातू शिऱ्या विकास कदम. संपला संच. पाच माणसं आणि एक घर. पाहुणे, शेजारी येत-जात राहिले, पण खांब हे पाचच.

प्रभावळकर तेव्हा सत्तावन्न-अठ्ठावन्नचे होते आणि आबा त्यांच्याहून बरेच थोरले. म्हातारा दिसायला पांढरे केस आणि चष्मा पुरतो, असं मानणारे नट आपण रोज बघतो. आबांकडे बघा. घरात कुणी काही बोललं की ते लगेच उत्तर देत नाहीत. आधी ऐकतात, मग ऐकलेलं जरा तोंडात घोळवतात, आणि तोवर डोळ्यांत उत्तर येऊन गेलेलं असतं. शब्द नंतर येतात. पुष्कळदा येतच नाहीत, नुसती मान हलते. ‘चौकट राजा’तला नंदू, ‘झपाटलेला’तला तात्या विंचू, ‘हसवाफसवी’त एकट्यानं रंगवलेली सहा माणसं, पुढे ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी, हे सगळं ज्या एका माणसानं केलं त्यानं आबांसाठी मात्र कुठलीही करामत बाहेर काढली नाही. ती न काढणं हीच तिथली करामत होती. एरवी त्यांचं वेषांतर बघून आपण थक्क होतो. आबांच्या बाबतीत वेषांतर झालंय हेच कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

शुभांगी गोखल्यांच्या श्यामलाबद्दल मला नेहमी वाटतं की तिचं जेवढं कौतुक व्हायला हवं तेवढं झालं नाही. त्या काळात हिंदीत सासू-सुनांची लाट उसळली होती. पडद्यावरची सून एक तर देवघरात रडत असे, नाहीतर सोन्याने मढून कट करत असे. श्यामला चिडायची, फुरंगटायची, एखाद्या गोष्टीचं खूळ घ्यायची, आणि सासऱ्यांशी तिचं छान जमायचं. सून आणि सासरे यांचं गूळपीठ असू शकतं ही गोष्ट लाखो मराठी घरांत रोज घडत होती, पडद्यावर तेवढी दिसत नव्हती. (जाता जाता : शुभांगीताईंचे यजमान मोहन गोखले म्हणजे दूरदर्शनवरचे ‘मिस्टर योगी’. आणि त्यांची लेक सखी पुढे ‘दिल दोस्ती दुनियादारी’त आली. विनोदी मालिकांचा असा वारसा एका घरात क्वचितच सापडेल.)

राजन भिसे रंगभूमीला नेपथ्यकार म्हणूनही माहीत आहेत. कदाचित म्हणून असेल, घरातल्या कुठल्या कोपऱ्यात उभं राहून चिडचिड करायची हे शेखरला बरोबर ठाऊक असायचं. आणि विकास कदमचा शिऱ्या! उगाच गोड नाही, उगाच बंडखोर नाही. घरातल्या घरात टवाळक्या करणारा, बोलणी खाणारा, आबांपाशी मन मोकळं करणारा पोरगा. त्या वयाची मुलं आजच्या मालिकांत बघा. एक तर ती कंपनीची मालक असतात, नाहीतर गुंड.

आता मुद्द्यावर येते. ही पाच माणसं एवढी पक्की उभी राहिली त्यामागे एक साधं कारण होतं. मालिका येण्याआधीच ती लिहून झालेली होती. प्रभावळकरांचं ‘अनुदिनी’ हे आधी वर्तमानपत्रातलं सदर होतं, मग पुस्तक झालं. टिपऱ्यांच्या घरातली माणसं आपापली रोजनिशी लिहितात, अशी त्याची रचना. म्हणजे घरात घडलेली एखादी गोष्ट आबांच्या वहीत एक असते, सुनेच्या वहीत दुसरी, नातवाच्या वहीत तिसरी. लेखक बसून नातीच्या डोक्यातलं लिहितो, मग उठून मुलाच्या डोक्यातलं लिहितो. मालिकेच्या पहिल्या भागाआधी प्रत्येक पात्राला स्वतःची बाजू होती, स्वतःचे शब्द होते, स्वतःची लहानशी लबाडी होती. खलनायकाची गरजच पडली नाही. एका घरात पाच जणांना आपापल्या जागी आपण बरोबर वाटत असलो, की विनोदाला आणखी काही लागत नाही.

आणि आपल्याकडे काय चालतं ते सांगते. मी एका दैनंदिन मालिकेचे संवाद लिहीत होते. वाहिनीचं नाव सांगत नाही. कुठलीही घाला, चालेल. त्या घरात एक आजोबा होते. सुरुवातीला ते पेपर वाचत बसायचे आणि सुनेला ‘सुखी राहा’ म्हणायचे. मग एक दिवस वरून निरोप आला : आजोबांना ट्रॅक, म्हणजे स्वतःचं कथानक, नाही, एवढ्या ज्येष्ठ नटाला दिवसाचे पैसे देऊन नुसतं सोफ्यावर बसवणं परवडत नाही, त्यांना कुठेतरी पाठवा. मी त्यांना काशीला पाठवलं. एका वाक्यात. खलनायिकेच्या तोंडी : ‘मामंजी काशीयात्रेला गेलेत, तोवर या घराचे निर्णय मी घेणार.’ वाक्य वरच्यांना फार आवडलं, कारण त्यावर पुढचा महिना निघाला. आजोबा परतले ते थेट लग्नाच्या सीक्वेन्सला, एका दिवसासाठी, अक्षता टाकायला. मेकअपच्या खोलीत ते नट मला म्हणाले, “बाई, काशीहून येताना मी गंगाजल तरी आणलंय का, की तेही बजेटमध्ये बसत नाही?” त्या दिवशीच्या माझ्या सगळ्या पानांपेक्षा हे वाक्य सरस होतं आणि ते कुठेही वापरता आलं नाही.

अशा काशीला गेलेल्या आजोबांची मराठी मालिकांमध्ये मोठी वसाहत झाली आहे. काही तर परतलेच नाहीत. प्रेक्षकांनीही विचारणं सोडलं.

म्हातारा माणूस चालत नाही, तरुण प्रेक्षक पळतो, असं तुम्ही बैठकीत म्हणता. मीही माना डोलावल्यात. पण २०२५ च्या सप्टेंबरात ‘दशावतार’ आला. त्यात बाबुली मेस्त्री झालेले तेच दिलीप प्रभावळकर, वय ८१, कोकणातल्या रानात अख्खा सिनेमा खांद्यावर घेऊन धावले. लोक मुलाबाळांसकट थिएटरात गेले. टिपऱ्यांच्या वेळीही शीर्षकात नाव होतं ते आजोबांचंच. प्रेक्षकाला म्हाताऱ्याचं वावडं कधीच नव्हतं. त्याला सोफ्यावर बसून ‘सुखी राहा’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचा कंटाळा येतो, आणि तो मलाही लिहिताना यायचा.

मग तुम्ही म्हणाल, हे सगळं पटत असेल तर टिपरेच परत आणू की! तिथेच माझी हरकत आहे.

मागच्या काही वर्षांत अशी पुनरागमनं किती झाली ते आठवा. ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ २००४ ते २००६ या काळात स्टार वनवर लागायची. सतीश शाह, रत्ना पाठक शाह, आपला सुमीत राघवन, रूपाली गांगुली, राजेश कुमार. पहिल्या फेरीत प्रेक्षकसंख्येचे आकडे बेताचेच होते, लोकांनी ती डोक्यावर घेतली नंतर, पुनःप्रक्षेपणात. मग २०१७ मध्ये हॉटस्टारवर नवा सीझन आला. तीच माणसं, तेच टोमणे, तीच कफ परेडची श्रीमंती. मी मोठ्या हौसेने बघायला बसले आणि हसण्याऐवजी हजेरी घेत बसले : हे आहेत ना, ते आहेत ना, त्या घरातल्या कवी मुलाची, रोसेशची, कविता झाली ना. ओळखीच्या खुणा एकेक करून मोजल्या गेल्या आणि गोष्ट मात्र राहून गेली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सतीश शाह गेले आणि तो विषय मिटला.

‘श्रीमान श्रीमती’चं तर मूळ घरच कुलकर्ण्यांचं. जतिन कनाकियांचा केशव कुलकर्णी, रीमाताईंची कोकिळा, शेजारी राकेश बेदी आणि अर्चना पूरणसिंग. २०१८ मध्ये ‘श्रीमान श्रीमती फिर से’ आली. पात्रं तीच, नट नवे. किती जणांना ती आठवते ते आपल्याच कचेरीत विचारून बघा. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने जुनीच ‘श्रीमान श्रीमती’ पुन्हा लावली तेव्हा मात्र लोक सहज तिच्यापुढे बसले.

आपल्या घरचंही उदाहरण आहे. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ २०१५ मध्ये आली आणि तरुण पोरापोरींनी ती आपली मानली. त्यात आईबाप नव्हते, पण घर होतं. एका फ्लॅटमध्ये अडकलेली सहा माणसं एकमेकांचे आईबाप होत होती. टिपऱ्यांची खरी वारसदार म्हणायची तर मी हिला म्हणेन. कुटुंब बदललं, शहर बदललं, भाड्याच्या घरातली पिढी आली, म्हणून मालिकेनेही नवं घर शोधलं. आणि मग २०१७ मध्ये तोच संच घेऊन ‘दिल दोस्ती दोबारा’ आली. गोष्ट वेगळी, नट तेच, अपेक्षा आधीची. नटांची त्यात काही चूक नव्हती. आधीच्या प्रेमाचं कर्ज त्यांच्या बोकांडी बसवलं होतं.

आता वागळेंचं उदाहरण तुम्ही पुढे कराल हे मला माहीत आहे, आणि ते वजनदार आहे. आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रांवरची ‘वागळे की दुनिया’ १९८८ मध्ये दूरदर्शनवर आली, दिग्दर्शक कुंदन शाह, वागळे पतिपत्नी अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. २०२१ मध्ये सोनी सबवर ती नव्याने सुरू झाली आणि हजाराहून जास्त भाग चालली. म्हातारे वागळे दोघेही त्यात होते, पण घराची सूत्रं त्यांच्या मुलाकडे, सुमीत राघवनच्या राजेशकडे होती. हे शहाणपणाचं होतं, नाकारत नाही. जुनं घर पुढच्या पिढीच्या नावावर करून दिलं. पण थोडं थांबून बघा. मूळचे वागळे भाजीवाल्याशी घासाघीस करताना, स्कूटरच्या धक्क्याने, साहेबाच्या तिरक्या नजरेने हैराण व्हायचे आणि तेवढ्यावर भाग संपायचा. नव्या मालिकेला रोज यायचं होतं, म्हणून रोज काहीतरी मोठा प्रश्न लागायचा आणि शेवटी कुणीतरी समजावून सांगायचं. मालिका चांगली चालली. पण पहिल्या वागळेंचा तो क्षुल्लकपणा, ती बारीक लाज, ती हजार भागांत पुरणार कशी?

म्हणजे पुन्हा गाडी आली वारंवारतेवर. माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे. टिपरे आठवड्यातून एकदा यायचे. आपण आठवड्यातून सहा दिवस, काही वेळा सात दिवस येतो, वर महाएपिसोड. बावीस मिनिटांचा भाग. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, शुक्रवारी कथेची दिशा बदलते, शनिवारी मी रात्री दोनला पानं पाठवते आणि रविवारी सकाळी नऊला ती सेटवर पाठ होत असतात. बँकेत, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या भागांच्या साठ्यात, एकही भाग शिल्लक नसतो. अशा वेळी लेखक काय करतो? जे हमखास लागू पडतं ते करतो. कुणाच्या तरी हातून तबक पाडतो. कानशिलात लगावतो. दार उघडतं, सगळे वळून बघतात, तिघांचे चेहरे तीन-तीनदा दाखवतो. तीन मिनिटं निघतात. विनोदी प्रसंगात तीन मिनिटं अशी निघत नाहीत. विनोदाला पहिल्या पानापासून जुळणी करावी लागते. आबांनी सकाळी सहज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर रात्रीच्या जेवणावर फुटायचं असेल, तर मधलं सगळं लिहिणाऱ्याच्या हातात हवं आणि लिहिणाऱ्याला झोप मिळालेली हवी.

हे तुम्हाला ठाऊक नाही असं नाही. तुमच्यापैकी कित्येक जण याच कामातून वर आलात. २०२४ मध्ये तर टिपऱ्यांचे दिग्दर्शक केदार शिंदे स्वतःच एका मराठी वाहिनीच्या कार्यक्रमप्रमुखाच्या खुर्चीत बसले. म्हणून हे पत्र मी अनोळखी माणसांना लिहीत नाहीये. तुम्हाला सगळं कळतं, आणि तरी साप्ताहिक अर्ध्या तासाची फाइल कुणी पुढे सरकवत नाही. कारण साप्ताहिकाने सवय लागत नाही, सवय लागली नाही तर स्लॉट बसत नाही, स्लॉट बसला नाही तर जाहिरातदार येत नाही. बरोबर. पण मग आठवड्यातून मोजक्याच रात्री दिसणाऱ्या स्किटच्या कार्यक्रमांना कसे चालवता? ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ पासून टिकलीच ना? ‘चला हवा येऊ द्या’ने दहा वर्षं काढली. त्या मंचावर गुणी माणसं आहेत, मी खदखदून हसलेली आहे. पण स्किटमधलं कुटुंब दहा मिनिटांत जमतं आणि टाळ्या वाजल्या की मोडतं. पुढच्या आठवड्यात तीच बाई दुसऱ्या कुणाची तरी सासू असते. शिऱ्याने मागच्या वेळी काय घोळ घातला होता हे माहीत असल्यामुळे या वेळी त्याच्या नुसत्या आत येण्यावर हसू फुटतं, तसं तिथे होऊ शकत नाही. ते हसू महिन्यांच्या ओळखीतून येतं. तुम्ही विनोदाला मंच दिला, घर काढून घेतलं.

दुसरी गोष्ट, लेखक कुठून आणता? आपल्या गाजलेल्या घरगुती विनोदी मालिका एका रांगेत ठेवून बघा. ‘चिमणराव’ चिं. वि. जोशींच्या कथांमधून आला. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ बघायला चाळीतली माणसं एकाच टीव्हीपुढे दाटीवाटीने बसायची. बाळ कर्वे २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले. बातमीत त्यांच्या नावापुढे सगळीकडे ‘गुंड्याभाऊ’ होतंच. ‘ये जो है जिंदगी’ व्यंग्यकार शरद जोशींनी लिहिली. त्यातला रणजीत झालेले शफी इनामदार आपल्या दापोलीकडचे. वागळे व्यंगचित्रकाराच्या कुंचल्यातून आले. टिपरे सदरातून आले. यातलं एकही घर कथाविभागाच्या बैठकीत, फळ्यावर चौकटी आखून जन्माला आलेलं नाही. आधी कुणीतरी एकट्याने बसून माणसांकडे बघितलं, वर्षानुवर्षं लिहिलं, वाचकांनी ते वाचलं, आणि मग कॅमेरा तिथे गेला.

तशी माणसं आजही लिहितायत. दिवाळी अंकांत, रविवारच्या पुरवण्यांत, फेसबुकवर. कुणी सोसायटीच्या मीटिंगांबद्दल लिहितं, कुणी पुण्यात पीजी चालवणाऱ्या मावशींबद्दल. लातूरहून मुलाकडे हिंजवडीला राहायला आलेल्या, सोळाव्या मजल्यावर लिफ्टला घाबरणाऱ्या आजीबद्दल कुणी लिहीत असेल तर तिथे मला तीन सीझन दिसतात. तुमचा माणूस त्यांच्यापर्यंत जातच नाही. तो कोरियन मालिका बघून ‘असं काहीतरी’ म्हणतो.

आजचं घर टिपऱ्यांसारखं नाहीच. नातू बंगळूरला, नात जर्मनीत, श्यामलाच्या वयाची बाई स्वतःची नोकरी सांभाळून दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांची औषधं ॲपवरून मागवते, आबा व्हॉट्सॲपवर सकाळी साडेपाचला गुलाबाचं फूल पाठवतात आणि मग कुणीच उत्तर दिलं नाही म्हणून दिवसभर धुमसतात. याच्यात विनोद नाही? भरपूर आहे. पण तो ‘टिपरे’ या नावाखाली करायला गेलात की पहिल्या दिवसापासून प्रेक्षक तुलना करत बसेल, नट स्वतःचीच नक्कल करत बसतील आणि तुमचे लोक प्रोमोमध्ये जुन्या शीर्षकगीताची धून वाजवून मोकळे होतील. शिवाय प्रभावळकरांना त्या सोफ्यावर परत बसवून आपण काय मिळवणार आहोत? ऐंशीच्या पुढे ते नव्या भूमिका करतायत. त्यांना नवं काहीतरी लिहून द्या.

जुन्या टिपऱ्यांसाठी काही करायचंच असेल तर एक काम आहे, आणि ते फक्त मालकी असलेली वाहिनीच करू शकते. सगळे भाग, पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने, स्वच्छ करून एका जागी ठेवा. आज लोक तुकडे बघतात. कुणी टीव्हीसमोर मोबाइल धरून रेकॉर्ड केलेले, आवाज फाटलेले, मध्येच कापलेले. परदेशातली मराठी कुटुंबं मुलांच्या कानावर घरगुती मराठी पडावी म्हणून असले तुकडे शोधत असतात. आणि श्रेयनामावली कापू नका. तेव्हाच्या मालिकेचं संकलन कुणी केलं, प्रकाश कुणाचा, वेशभूषा कुणाची, हे शेवटच्या त्या झरझर पळणाऱ्या पाट्यांवरच उरलेलं आहे. ॲपवर आल्यावर सगळ्यात आधी कात्री लागते ती तिथेच.

आणि नव्या घरासाठी मला मागायचंय ते फार नाही. आठवड्याला अर्धा तास. एकच लेखक किंवा एकमेकांना ओळखणारे दोन लेखक, आणि संवाद त्यांचेच. पहिला भाग दिसण्याआधी निम्मे भाग लिहून तयार. दूरदर्शनच्या काळात तेरा-तेरा भागांचे गट असायचे, तसा सव्वीस भागांचा करार करा आणि पहिले तेरा होईपर्यंत गुरुवारचे आकडे लेखकाला दाखवूच नका. तुम्ही बघा, काळजी करा, आम्हाला सांगू नका. नट रंगभूमीवरचे घ्या. मुंबई-पुण्यातच नाही, सांगली-नागपुरातही एकांकिका करणारी पोरं आहेत. घरात म्हातारा किंवा म्हातारी असेल तर त्यांना पहिल्याच भागात काहीतरी हवं असू द्या. साधं. नवा चष्मा, गच्चीची किल्ली, नातवाचा पासवर्ड, काहीही.

आणि मालिका बंद करायची ठरलीच तर ते लेखकाला किमान महिनाभर आधी कळवा. मागे मला ते सेटवरच्या स्पॉटदादाकडून कळलं होतं, आणि मी सगळ्यांचे हिशोब एका सत्यनारायणात उरकले होते.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली नम्र,
एक प्रेक्षक आणि एकेकाळची संवादलेखिका